ऐक्ष्वाक
ऐक्ष्वाक : प्राचीन भारतीय राजकुलातील एक अपत्यवाचक नाम. अर्थ 'इक्ष्वाकूचा (सूर्यवंशाचा मूळपुरुष मानलेल्या राजाचा) वंशज'. तो 'इक्ष्वाकूचा मुलगा' एवढाच घेणे बरोबर नाही. ऐतरेय ब्राह्मणातील (७.१३) शुनःशेपकथेच्या आरंभी 'हरिश्चन्द्रो ह वैधस ऐक्ष्वाकः' असा उल्लेख येतो. यात वैधस हे जवळच्या पूर्वजावरून, बहुधा पित्यावरून पडलेले नाव, तर ऐक्ष्वाक हे कुळाचे. पुराणांत मात्र हरिश्चंद्र हा त्रिशंकूचा पुत्र आहे.

शब्दाचे रूप मुद्दाम पाहण्यासारखे आहे. रघूपासून राघव, पुरूपासून पौरव, मनूपासून मानव. त्याच चालीने येथे 'ऐक्ष्वाकव' व्हायला हवे होते. पण अंत्य उकार लोपतो. पाणिनीने (सु. इ. स. पू. पाचवे–चौथे शतक) हे रूप नियमाने न साधता निपातनाने, म्हणजे तयार रूप म्हणून, दिले आहे (६.४.१७४). त्यावरून ते त्याच्या काळी रूढ असावे. अनेकवचनी प्रत्यय गळून नुसते 'इक्ष्वाकवः' उरते. म्हणून कालिदास 'इक्ष्वाकूणाम्' असे लिहितो.

मूळ नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. मनूला शिंक आली आणि त्याच्या नाकातून इक्ष्वाकू जन्मला, ही विष्णुपुराण व भागवतातील कथा 'क्षु' (शिंकणे) या धातूवर बेतलेली दिसते. जैन परंपरा ऋषभदेवांच्या कथेत त्याचा संबंध इक्षूशी, म्हणजे उसाशी, जोडते. संस्कृतात इक्ष्वाकू म्हणजे कडू भोपळाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात वमनासाठी त्याच्या वापराचा स्वतंत्र अध्याय आहे. वेलीचे नाव कुळाला मिळाले असणे अशक्य नाही. काही भाषाशास्त्रज्ञ शब्दच आर्येतर मानतात. शिंकेच्या कथेपेक्षा हे मत अधिक विचारार्ह वाटते.

ऋग्वेदात इक्ष्वाकू एकदाच येतो (१०.६०.४), तोही धनवान म्हणून, अयोध्येचा तेथे मागमूस नाही. शतपथ ब्राह्मण पुरुकुत्साला ऐक्ष्वाक म्हणते. ऋग्वेदात पुरुकुत्स पूरू या वैदिक जनसमूहाशी निगडित असल्याने, हे कुळ मुळात पूरूंची शाखा असावे, असे वेदाभ्यासक मॅकडॉनेल व कीथ यांनी सुचविले. रामायण-पुराणांतील सूर्यवंशाची सलग वंशावळ त्यानंतरची होय.

पालीत हेच नाव 'ओक्काक' होते. गौतम बुद्धांचे शाक्य कुळ ओक्काकाला आपला मूळपुरुष मानी. सातवाहनांनंतर, तिसऱ्या–चौथ्या शतकांत, आंध्रातील नागार्जुनकोंड्याच्या (प्राचीन विजयपुरी) राजांनी इक्ष्वाकू हे कुलनाम घेतले. त्यांच्या कोरीव लेखांत मातृनामेही आढळतात : वासिष्ठीपुत्र चांतमूल, माठरीपुत्र वीरपुरुषदत्त.