हेलियमचा शोध

हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो गॅस. हे मूलद्रव्य आधी सूर्यावर सापडलं आणि पृथ्वीवर त्यानंतर तब्बल २७ वर्षांनी, आणि या गोष्टीत आंध्रातलं गुंटूर येतं, इंग्लंड येतं, आपला विजयदुर्गही येतो, पण विजयदुर्गाचं जे सांगतात त्यात जरा गडबड आहे, ते खाली बघू.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं आणि फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिएर जान्सन त्यासाठी गुंटूरला येऊन बसला होता. सूर्य झाकला गेला की कडेला लालसर ज्वाळा दिसतात, त्यांचा प्रकाश त्याने स्पेक्ट्रोस्कोपमधून (प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं यंत्र, त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रंगीत रेषा दिसतात) बघितला तर रेषा इतक्या झगझगीत की त्याला वाटलं, ह्या तर ग्रहण नसतानाही दिसायला हव्यात. दुसऱ्या दिवशी करून बघितलं, दिसल्या! तिकडे इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरला हेच २० ऑक्टोबरला जमलं, दोघांची पत्रं पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोचली, म्हणून श्रेय वाटून दिलं आणि फ्रेंच सरकारने पुढे दोघांचे चेहरे असलेलं पदकही काढलं.

त्या रेषांमध्ये एक पिवळी होती. आधी वाटलं सोडियमची असेल (ज्योतीत मीठ पडलं की पिवळी होते ना, तीच), पण सोडियमच्या दोन रेषा ५८९ आणि ५८९.६ नॅनोमीटरला आणि ही ५८७.५ ला, म्हणजे शेजारी पण वेगळी. लॉकियरने एडवर्ड फ्रँकलंड या रसायनतज्ज्ञाला घेऊन लॅबमध्ये खटपट केली, काहीच जुळेना, मग हे नवीनच काहीतरी आहे असं धरून ग्रीक हेलिओस म्हणजे सूर्य यावरून हेलियम नाव आलं. शेवटचं 'इयम' धातू समजून लावलेलं, ते चुकलंच. असं नवीन मूलद्रव्य आहे हे बऱ्याच जणांना पटलंही नव्हतं. १८९५ ला लंडनमध्ये रसायनतज्ज्ञ विल्यम रॅम्झे युरेनियमच्या एका खनिजावर आम्ल टाकून आरगॉन वायू शोधत होता आणि समोर आली तीच पिवळी रेषा.

आता विजयदुर्ग. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' आहेत (साहेब म्हणजे लॉकियर), १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवस होतो आणि सर्रास सांगतात की लॉकियरने १८६८ ला इथूनच हेलियम शोधला. पण तो तेव्हा इंग्लंडमध्येच होता. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्याच ग्रहणासाठी पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते, त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही.