फुलोऱ्यावरील पक्षी-छायाचित्रण : कोल्हापूर परिसर

फुललेल्या फांदीवर मकरंद प्यायला किंवा तिथे जमलेले किडे टिपायला येणाऱ्या लहान रानपक्ष्यांची छायाचित्रे काढणे, ही पक्षी-छायाचित्रणाची एक शाखा. कोल्हापूर परिसरात तिचा मुख्य हंगाम जानेवारीअखेर सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत चालतो. एरवी छायाचित्रकार पक्ष्याच्या मागे फिरतो. इथे तो झाड हेरतो आणि बसून राहतो. एका फुलातला मकरंद संपला की तो पुन्हा साचायला वेळ लागतो, म्हणून पक्षी निघून जातात आणि काही वेळाने त्याच फांदीवर परततात. ही फेरी एकदा ध्यानात आली की अर्धे काम झाले. महागडी लेन्स असूनही झाडाची ओळख नसलेला माणूस या प्रकारात मागे पडतो.

हंगामाचे गणित झाडांनीच जुळवून दिलेले आहे. पळस, पांगारा, काटेसावर आणि बांधावरचे गिरिपुष्प (खेड्यांत उंदीरमारी) ही झाडे पाने गाळून फुलतात. फांद्या उघड्या पडतात, पानांची सावली पक्ष्याच्या तोंडावर येत नाही. याच आठवड्यांत जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर विणीच्या पिसाऱ्यात असतो. वीण आटोपल्यावर तो बराचसा मादीसारखा मळकट पिवळा दिसू लागतो, आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळपट पट्टा तेवढा उरतो.

सगळी फुलझाडे छायाचित्रकाराला सारखी धार्जिणी नसतात. काटेसावर उंच वाढते. तिच्याखाली उभे राहून काढलेल्या फोटोत पक्ष्याचे पोट आणि पांढरे आभाळ यापलीकडे फारसे काही येत नाही. पळस त्यामानाने ठेंगणा, शिवाय त्यावर सूर्यपक्ष्यांबरोबर बुलबुल, साळुंक्या, कोतवाल आणि हिवाळी पाहुणी पळसमैना असा मोठा गोतावळा जमतो. पण या कामासाठी सर्वांत सोयीची धायटी. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारे हे माणसाच्या उंचीचे झुडूप. लांब लवत्या फांदीवर लाल नळीसारखी फुले ओळीने लागलेली असतात. सूर्यपक्षी त्या ओळीने एकेक फूल चोखत पुढे सरकतो, त्यामुळे पुढच्या क्षणी तो कुठे असेल हे आधीच कळते आणि तिथे फोकस लावून थांबता येते. आंब्यावरचे बांडगूळ बागायतदाराच्या डोळ्यांत खुपते, पण फुलटोच्याचा सारा संसार त्यावर चालतो. हा जेमतेम आठ सेंटिमीटरचा, भारतातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. बांडगुळाची मिटलेली कळी तो चोचीने दाबतो, ती फटकन उघडते आणि पराग त्याच्या तोंडावर उडतो. पुढे त्याच बांडगुळाची फळे खाऊन चिकट बिया दुसऱ्या फांदीवर पुसणाराही तोच.

तंत्राचा अवघड भाग प्रकाशमापनात आहे. जांभळ्या सूर्यपक्ष्याची झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना ती निर्माण होते, म्हणून ती कोनावर अवलंबून असते. ऊन छायाचित्रकाराच्या पाठीमागून येत असेल तर जांभळा-निळा-हिरवा रंग पेटून उठतो; पक्ष्याने मान जराशी वळवली की तोच पक्षी कोळशासारखा काळा. त्या काळ्याचा तपशील यावा म्हणून एक्स्पोजर (फोटोत घेतला जाणारा प्रकाश) वाढवावे, तर पळसाच्या केशरी पाकळ्यांतला लाल रंग आधी फाटतो, म्हणजे मर्यादेबाहेर उजळून त्यातला तपशील जातो, आणि पाकळी रंगाच्या सपाट ठिगळासारखी दिसते. कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा एकत्रित हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) अशा वेळी फसवतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहून, लाल रंग सांभाळून, रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता साठवलेल्या मूळ फोटोत) काळा भाग नंतर उजळणे हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग. पाठीमागे नुसते आभाळ असेल तर मात्र एक्स्पोजर वाढवावेच लागते. खरे तर अशी फ्रेम सोडून दिलेली बरी.

साधारणपणे ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स वापरतात. ६०० मिलिमीटरवर, एफ/६.३ ला (हे लेन्सच्या छिद्राचे माप), पाच मीटर अंतरावरच्या पक्ष्याचा जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर भाग रेखीव येतो. चोच, डोळा आणि ज्या फुलात चोच आहे ते फूल एका पातळीत हवे असेल तर पक्षी आडवा, बाजूने दिसेल अशीच जागा धरावी लागते. बसलेल्या पक्ष्याला १/१००० सेकंदाचा शटरवेग पुरतो. सूर्यपक्षी बहुधा बसूनच पितात, पण फुलापुढे क्षणभर पंख फडफडवत तरंगतात तेव्हा १/३२०० सुद्धा कमी पडतो. चष्मेवाल्यांचा (डोळ्याभोवती पांढरे कडे असलेल्या इवल्या पक्ष्यांचा) थवा आला की वेगळीच धांदल. ते एका जागी ठरत नाहीत, आणि मिनिटभरात अख्खे झाड चाळून पसार होतात.

सकाळचे पहिले दोन-तीन तास महत्त्वाचे. कोल्हापूरला याच महिन्यांत उसाचा हंगाम असतो. गुऱ्हाळांचा आणि पेटवलेल्या पाचटाचा धूर सखल भागात रेंगाळतो, त्यामुळे ऊन कधी छान मऊ पडते तर कधी फोटो नुसता धुरकट येतो. दहानंतर तोडणी झालेल्या उघड्या रानावरची हवा तापून लहरू लागते. मग कितीही चांगल्या लेन्समधून पिसे विस्कटलेलीच दिसतात, आणि दोष विनाकारण ऑटोफोकसच्या माथी मारला जातो.

शहरात शिवाजी विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर आणि कळंबा तलावाचा काठ ही सवयीची ठिकाणे. पन्हाळ्याला उंचीचा फायदा मिळतो : तटाखालच्या उतारावरच्या झाडांचे शेंडे वर उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत येतात, आणि पाठीमागे दूरची दरी असल्याने पार्श्वभूमी आपोआप विरघळते. सह्याद्रीचे खास पक्षी हवे असतील तर पश्चिमेला राधानगरी अभयारण्य. हे २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळात समाविष्ट आहे. पश्चिम घाटापुरता मर्यादित असलेला किरमिजी पाठीचा इवला सूर्यपक्षी आणि १८३२ मध्ये कर्नल साइक्स यांनी शास्त्रीय वर्णन केलेला विगॉर्सचा सूर्यपक्षी या पट्ट्यात आढळतात. दाट रानात उजेड कमी, म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) बिनदिक्कत वाढवावा. त्याने फोटोत येणारे थोडे दाणे परवडतात, हललेला फोटो नाही.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी जाताना परवाना लागतो. घरट्यांबाबत कायदा आणखी कडक आहे : रानपक्ष्याच्या अंड्यांना वा घरट्याला उपद्रव देणे त्याच्या व्याख्येनुसार शिकारीतच मोडते. सूर्यपक्ष्याचे कोळिष्टकांनी विणलेले, लोंबते घरटे पुष्कळदा घराच्या ओसरीवरही असते, आणि ‘फ्रेम मोकळी करायला’ त्याच्यापुढची डहाळी बाजूला बांधण्याचा मोह होतो. त्या डहाळीमागे पिल्लांना सावली मिळत असते, कावळा आणि भारद्वाज यांच्या नजरेपासून आडोसाही. मोबाइलवर नराचा आवाज वाजवून पक्षी जवळ बोलावणे हा दुसरा खोडसाळपणा. विणीच्या दिवसांत नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजतो आणि खाणेपिणे सोडून हद्द राखत बसतो. तोडून आणलेली फुलांची फांदी पाणवठ्याशी रोवून काढलेले फोटो देखणे असतात, पण पक्षी त्या फुलावर येतो का, हे त्यातून कळत नाही. अशा फोटोखाली तसे लिहावे.

फोटोखाली झाडाचे नावही द्यावे. पक्ष्याची ओळख पटवायला त्याचा उपयोग होतो, कारण फुलांवर हिंडणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळावर पिवळा पराग माखतो आणि नवखे लोक तो पिसांचाच रंग धरून पक्ष्याला भलतेच नाव देतात. जास्वंदीवरचा फोटो असेल तर चोच कुठे आहे तेही पाहावे : सूर्यपक्षी पुष्कळदा फुलाच्या देठाजवळ बाजूने भोक पाडून मकरंद चोरतो, पराग त्याला लागतच नाही.