हॉस्टेलच्या यादीत नाव लागलं नाही? स्वाधारचा फॉर्म भरण्याआधी हे वाचा

समाज कल्याणच्या वसतिगृहाची निवड यादी लागली की आमच्या अभ्यासिकेत दरवर्षी एकच दृश्य असतं. मोबाईलवर पीडीएफ उघडायची, बोटाने खाली-खाली सरकवत आपलं नाव शोधायचं, नाही सापडलं की पुन्हा वरून सुरुवात. मग एखादा मुकाट उठून बॅग भरायला लागतो. गावाकडून रोज एसटीने जाऊन-येऊन करू म्हणतो. दोन महिन्यांनी त्याचं कॉलेज सुटलेलं असतं. यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नसतं की त्यांची योजना त्या यादीनंतर सुरू होते.

तिचं पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. शासन निर्णय ६ जानेवारी २०१७ चा, लागू झाली २०१६-१७ या शैक्षणिक वर्षापासून. राज्यात सामाजिक न्याय विभागाची चारशेवर वसतिगृहं आहेत, पण शहरात शिकायला येणारी पोरं खाटांपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून ज्याला खाट मिळाली नाही, त्याच्या बँक खात्यात जेवण, खोली आणि वरखर्चाचे पैसे थेट टाकायचे, असा हा हिशोब.

पैसे किती, ते तुम्ही कुठे शिकता यावर ठरतं. मुंबई, नवी मुंबई, ठाणे, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथे वर्षाला ६०,००० रुपये: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती अशी विभागाची शहरं आणि 'क' वर्ग महानगरपालिका यांच्यासाठी ५१,०००. बाकीच्या जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. नंतर योजना तालुक्यापर्यंत नेली, तिथे ३८,०००. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या मुलांना साहित्यासाठी वर्षाला आणखी ५,०००, इतरांना २,०००.

आता २०,००० भागिले १२ करून बघा. महिन्याला १,६६६ रुपये. पुण्यात पेठांत किंवा कोथरूडला एवढ्यात खाट शोधून दाखवा! तरी ६०,००० हातात पडले तर चौघांनी मिळून खोली आणि महिन्याचा डबा, एवढं ओढूनताणून निघतं. पूर्ण खर्च भागेल या भरवशावर मात्र कुणी राहू नये. शिवाय भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत तुम्हाला जो निर्वाह भत्ता मिळतो, तेवढी रक्कम स्वाधारमधून वजा होते. खात्यात पूर्ण आकडा दिसला नाही म्हणून भांडायला जाण्याआधी हे लक्षात असू द्या.

पात्रतेचं थोडक्यात सांगतो. विद्यार्थी अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध प्रवर्गातला आणि महाराष्ट्राचा रहिवासी हवा. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. मान्यताप्राप्त संस्थेत अकरावी, बारावी किंवा त्यापुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलेला, आणि तो अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी नको. आधीच्या परीक्षेत किमान ५० टक्के, दिव्यांगांसाठी ४० टक्के. दिव्यांगांना ३ टक्के आरक्षणही आहे. नोकरी करणाऱ्याला लाभ नाही. आणि ज्या शहरात कॉलेज आहे तिथलाच रहिवासी असाल तर योजना तुमच्यासाठी नाही. या शेवटच्या अटीवर पुष्कळ फॉर्म पडतात. मुलगा खरोखर गावचा असतो, पण कधीतरी सोयीसाठी आधारवर मामाचा शहरातला पत्ता टाकलेला असतो. मग तो कागदोपत्री 'स्थानिक' ठरतो. आधारवरचा पत्ता आज उघडून बघा. बदलायचा असेल तर फॉर्मची तारीख येण्याआधी बदला, कारण आधार केंद्रावरची रांग तुमची तारीख बघत नाही.

पहिली पायरी स्वाधारची नसतेच. आधी शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करायचा. वसतिगृहाला पात्र असून जागेअभावी राहिलेल्यांसाठी ही योजना आहे. 'आपला नंबर लागणार नाही, कशाला भरायचा' म्हणून वसतिगृहाचा फॉर्म न भरणारे स्वतःच्या हाताने दार लावून घेतात. दोन्ही अर्ज आता एकाच ठिकाणी, महाआयटी या राज्य सरकारच्या आयटी कंपनीच्या एचएमएएस या ऑनलाइन पोर्टलवर होतात. मोबाईल नंबरवर ओटीपी येतो. तो नंबर स्वतःचा ठेवा, नेट कॅफेवाल्याचा नको. पुढचे सगळे संदेश त्यावरच येतात आणि 'त्रुटी पूर्ण करा' असा संदेश कॅफेवाल्याच्या मोबाईलवर पडून राहिलेली प्रकरणं मी बघितली आहेत.

आता कागदांचं. खरं काम इथेच आहे.

सोपे कागद आधी उरकू: जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, आधार, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, चालू वर्षाचं बोनाफाईड. दिव्यांग असल्यास त्याचं प्रमाणपत्र. मुलगी विवाहित असेल तर पतीच्या उत्पन्नाचा पुरावा लागतो, वडिलांचा चालत नाही. कॉलेजने मूळ टीसी जमा करून घेण्याआधी तिच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा आणि रंगीत स्कॅन मोबाईलमध्ये ठेवा. एकदा मूळ कागद कॉलेजच्या कपाटात गेला की तो बाहेर निघायला अर्ज, सही आणि बाबूंची वेळ लागते.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो. आपले सरकार पोर्टलवरून किंवा महा ई-सेवा केंद्रातून काढायचा. त्याला तलाठ्याचा अहवाल जोडावा लागतो. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहेत, पण गावात अजून तात्याच म्हणतात. अनेकांची गल्लत तारखेत होते. हा दाखला साधारण ३१ मार्चपर्यंतच चालतो. गेल्या वर्षी दुसऱ्या कामाला काढलेला दाखला घरात सापडला म्हणून तोच अपलोड केला, की अर्ज त्रुटीत जातो. एप्रिल-मेमध्ये नवा काढून ठेवा. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी झाली की सेतूवर पंधरा-पंधरा दिवस जातात. वडील सरकारी नोकरीत असतील तर फॉर्म १६, म्हणजे कार्यालयाकडून मिळणारा पगार आणि आयकर कपातीचा दाखला, चालतो.

नाव हा दुसरा घोळ. गेल्या वर्षी परभणीकडची एक मुलगी कागद घेऊन बसली होती. टेबलावर एकेक ठेवत गेलो. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचं नाव इंग्रजीत एका स्पेलिंगने, आधारवर त्यात एक अक्षर जादा, पासबुकावर आडनाव आधी आणि वडिलांचं नावच गायब, उत्पन्नाच्या दाखल्यावर 'भिमराव', जातीच्या दाखल्यावर 'भीमराव'. पाच कागदांवर चार बाप. तिला मी विचारलं, 'अगं, यातले तुझे बाबा कोणते?' ती हसली, पण पुढचे आठ दिवस तिचे आधार केंद्र आणि बँकेच्या फेऱ्यांत गेले. वेलांटीवरून सहसा कुणी अडवत नाही. आधार आणि बँकेतलं नाव मात्र जुळलंच पाहिजे, कारण तिथे माणूस नसतो, यंत्र ताडून बघतं.

बँकेचा मुद्दा नीट समजून घ्या. पासबुक राष्ट्रीयीकृत बँकेचं, खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं. आईवडिलांचं चालत नाही. 'माझं खातं आधारशी लिंक आहे' हे सगळेच सांगतात, पण सरकारी पैसे तुम्ही फॉर्मवर लिहिलेल्या खात्यातच येतील असं नाही. आधार क्रमांकाला त्या क्षणी जी बँक जोडलेली असते, म्हणजे एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार सांभाळणारी राष्ट्रीय संस्था) नोंदीत जी असते, तिथे ते जातात. एका वेळी एकच बँक जोडलेली राहते, शेवटी जिथे संमती दिली ती. सिमकार्ड घेताना किंवा फोनवर एखादं ॲप टाकताना अंगठा दिला आणि नकळत भलतंच खातं जोडलं गेलं, असं होतं. पैसे आलेले असतात, पण पोराला त्या खात्याचा पत्ताच नसतो. तपासायला मायआधारच्या पोर्टलवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघा, नाहीतर साध्या फोनवरून *९९*९९*१# डायल करा. बँक चुकीची दिसली तर आपल्या शाखेत जाऊन 'आधार सीडिंग, डीबीटीसाठी' (आधारला खातं जोडणं, सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) असं स्पष्ट लिहून फॉर्म द्या आणि पोच घ्या. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी काढलेलं जुनं खातं असेल तर केवायसीही विचारून घ्या. व्यवहार नसल्याने ती खाती बंद पडलेली असतात.

आणि भाडेकरार. फॉर्मसोबत तुम्ही सध्या कुठे राहता याचा पुरावा मागतात. शिवाय दोन गोष्टी शपथेवर लिहून द्याव्या लागतात: मी या शहराचा स्थानिक रहिवासी नाही, आणि मी कोणत्याही शासकीय वसतिगृहात प्रवेश घेतलेला नाही. शपथपत्र कुणीही करून देतं. करार करून द्यायला मात्र घरमालक तयार नसतो. कागद झाला की पोरगं खोलीवर हक्क सांगेल किंवा कर भरावा लागेल, अशी त्याला भीती. ही गोष्ट खोली घेतल्यानंतर काढू नका. खोली बघायला जाल त्याच दिवशी, डिपॉझिट देण्याआधी विचारा: 'काका, अकरा महिन्यांचा करार करून द्याल ना? शिष्यवृत्तीला लागतो.' नाही म्हणाले तर दुसरी खोली बघा. चौघे एका खोलीत असाल तर करारात चौघांची नावं आणि प्रत्येकाच्या वाट्याचं भाडं वेगळं लिहून घ्या. खाजगी हॉस्टेलवर असाल तर त्यांचं शिक्क्याचं पत्र आणि पावत्या. आणि खोटा करार करू नका. माहिती खोटी निघाली तर दिलेले पैसे व्याजासकट वसूल होतात.

ऑनलाइन अर्ज सबमिट झाला की प्रिंट काढून कागदांच्या संचासह सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्या कार्यालयात द्यायची. बहुतेक जिल्ह्यांत ते सामाजिक न्याय भवनात आहे. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोर्टलवर दर आठवड्याला स्थिती बघा. पैसे हप्त्यांनी येतात आणि पहिला हप्ता कॉलेज सुरू झाल्यावर बऱ्याच उशिराने पडतो. काही वेळा वर्ष संपत आलं तरी पत्ता नसतो. घरमालक आणि मेसवाल्याला हे माहीत असतं, त्यांनी अशी कितीतरी पोरं पाहिलेली असतात. तरी पहिल्या चार महिन्यांची सोय दुसरीकडून करूनच या.

अनुसूचित जातीत नसाल तर याच धर्तीच्या वेगळ्या योजना आहेत. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, धनगर समाजासाठी या स्वयम् योजनेच्याच धर्तीवरची वेगळी योजना. कागद जवळपास तेच, खिडकी वेगळी. घरातल्या ज्या भावंडाचं शिक्षण आटोपलंय आणि काम शिकायचंय, त्याने २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना बघावी. वय १८ ते ३५, नोंदणी महास्वयम पोर्टलवर, विद्यावेतन महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,०००, पदवीधरांना १०,०००. शिकत असलेल्यांना ती मिळत नाही, त्यामुळे स्वाधारवाल्याने तिथे नाव घालू नये.

पहिलं वर्ष पार पडलं म्हणजे काम झालं असं नाही. ७५ टक्के हजेरी लागते आणि तिचा दाखला कॉलेजकडून आणून द्यावा लागतो. सत्राचा निकालही. नापास झालात तर लाभ थांबतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा, उत्पन्नाचा दाखला पुन्हा नवा, खोली बदलली असेल तर करारही नवा. परभणीच्या त्या मुलीने तिची फाईल अभ्यासिकेतच ठेवली आहे, वरच्या कप्प्यात, निळ्या रंगाची. एप्रिल लागला की ती स्वतःच येऊन त्यातला जुना उत्पन्नाचा दाखला काढून टाकते.