पिवळा बटन गुलाब

गुलाबाच्या मिनिएचर (लघुगुलाब) वर्गातील पिवळ्या फुलांचे वाण. महाराष्ट्रातील रोपवाटिकांत हा सगळा वर्ग बटन गुलाब म्हणून ओळखला जातो. रोप विकले जाते ते बहुधा रंगावर, त्यामुळे घरी आणलेल्या पिवळ्या बटन गुलाबाचे खरे वाणनाव कळेलच असे नाही. झुडूप साधारण 20 ते 45 सेंमी. उंच वाढते आणि फूल 2 ते 4 सेंमी. व्यासाचे असते. पाने, कळ्या आणि काटेही त्याच मापाने लहान. हा खुजेपणा आनुवंशिक आहे. मोठ्या फुलांचा गुलाब लहान कुंडीत कोंबला किंवा सतत छाटत राहिले, तर तो बटन गुलाब होत नाही, रोडावतो एवढेच.

या वर्गाची आधुनिक कहाणी कुंडीतूनच सुरू होते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्वित्झर्लंडमधील रूले नावाच्या लष्करी डॉक्टरला एका खेड्यात खिडकीतल्या कुंड्यांमध्ये वीतभर उंचीचा गुलाब दिसला. जिनीव्हाचे आंरी कोरव्हाँ यांनी त्याची रोपे वाढवली आणि 'रूलेटी' या नावाने तो प्रसिद्ध केला. चिनी गुलाबाचेच हे खुजे रूप, फुले गुलाबी. नेदरलँड्समधील बॉस्कोपच्या यान द व्हिंक यांनी त्याचा पॉलिअँथा (लहान फुलांच्या घोसांच्या) गुलाबाशी संकर केला. त्यातून आलेला लाल फुलांचा वाण 1936 मध्ये अमेरिकेत 'टॉम थम्ब' म्हणून बाजारात आला. खुजेपणा हा प्रभावी गुण असल्याने मोठ्या गुलाबाशी संकर करूनही पहिल्याच पिढीत बुटकी रोपे मिळू लागली, आणि पैदासकारांना रंगांचे दार उघडले.

पिवळा रंगही लवकरच आला, पण त्याला जम बसवायला वेळ लागला. स्पेनच्या पेद्रो दोत यांनी 1940 मध्ये 'बेबी गोल्ड स्टार' दिला. पुढचे मोठे काम कॅलिफोर्नियातील व्हिसेलियाच्या राल्फ मूर (1907–2009) यांचे. 'बिट ओ सनशाइन' (1956), 'यलो डॉल' (1962) आणि 'राइझ अँड शाइन' (1977) हे त्यांचे पिवळे वाण. 'लिटल डार्लिंग' हा फ्लोरिबंडा (घोसांनी फुलणारा गुलाब) आणि 'यलो मॅजिक' यांच्या संकरातून आलेल्या 'राइझ अँड शाइन'ला 1978 मध्ये अमेरिकन रोझ सोसायटीचा लघुगुलाबांसाठीचा 'अवॉर्ड ऑफ एक्सलन्स' मिळाला. आटोपशीर झुडूप, टोकदार कळी आणि स्वच्छ पिवळा रंग हे तिन्ही एका रोपात फार कमी वेळा जुळून येतात. या वाणात ते जुळले.

पिवळ्या गुलाबाच्या नाजूकपणाचे मूळ त्याच्या वंशावळीत आहे. युरोपातील जुन्या बागगुलाबांत गडद पिवळा नव्हताच. चीनमधून 1824 मध्ये आलेला टी-गुलाब फिका पिवळा होता. पिवळाधमक रंग आला तो पश्चिम आशियातील रोझा फीटिडा या जातीकडून. तिचे भरगच्च पाकळ्यांचे रूप 1837 मध्ये इराणातून इंग्लंडला पोचले. ल्याँच्या झोझेफ पेर्ने-द्युशे यांनी वर्षानुवर्षे खटपट करून ते बागगुलाबात उतरवले आणि 1900 मध्ये 'सोलेई दोर' बाजारात आणला. आजच्या बहुतेक गडद पिवळ्या गुलाबांची वंशरेषा इथवर पोचते. रोझा फीटिडा मात्र कोरड्या हवेची. पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला ती सहज बळी पडते, आणि हा दोष रंगाबरोबर पुढच्या पिढ्यांत उतरला. नव्या वाणांत तो बराच कमी झाला असला, तरी शेजारी ठेवलेल्या लाल आणि पिवळ्या बटन गुलाबांपैकी पावसाळ्यात आधी पानगळ होते ती बहुधा पिवळ्याची.

कुंडी इथे कामाला येते. काळे ठिपके पाडणारी बुरशी वाऱ्यापेक्षा पाण्याच्या शिंतोड्यांनी पसरते आणि पान सलग सहा-सात तास ओले राहिले की रुजते. जमिनीतल्या झुडपाला जून ते सप्टेंबर यातून सुटका नाही. कुंडी मात्र सज्जाखाली, पत्र्याच्या कडेला, जिथे उजेड मिळतो पण थेट पाऊस लागत नाही अशा जागी सरकवता येते. कोकणात आणि गोव्यात पिवळा बटन गुलाब जमिनीत लावण्याचा हट्ट धरू नये, असेच सांगावेसे वाटते. पुणे-नाशिककडच्या पठारावर उंच वाफ्यात तो तग धरतो, पण तिथेही कुंडीतले झाड अधिक निरोगी राहते. रोगट पाने कुंडीत पडू न देणे आणि पाणी पानांवर न घालता मातीला देणे, ही दोन कामे फवारणीच्या आधीची. पिवळे वर्तुळ असलेला, कडा झिरमिळ्यांसारख्या पसरलेला काळा डाग दिसला, की ते पान तोडून कचऱ्यात टाकावे. खताच्या खड्ड्यात नको.

उन्हाचे गणित थोडे वेगळे. फुले यायला रोज पाच-सहा तास थेट ऊन हवेच. घरात टीपॉयवर ठेवलेले रोप काही आठवड्यांत लांबुडके होते आणि कळ्या गाळते. पण पिवळा रंग कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा असतो, आणि प्रखर उन्हात तो उडतो. डिसेंबर-जानेवारीत लिंबाच्या सालीसारखे दिसणारे फूल एप्रिलमध्ये दुसऱ्या दिवशीच साईच्या रंगाचे होते. हा रोग नाही, खत वाढवून तो जात नाही. सकाळचे ऊन आणि दुपारनंतर सावली मिळणारी पूर्वेकडची गॅलरी या रंगाला सर्वांत मानवते. पश्चिमेची गॅलरीच असेल तर उन्हाळ्यापुरती हिरवी जाळी लावावी.

एका झाडाला 20 ते 25 सेंमी. व्यासाची आणि तेवढीच खोल कुंडी पुरते. मातीची कुंडी उत्तम, कारण तिच्या अंगातून पाणी झिरपून मुळांशी गारवा राहतो. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत तीच मुळे उन्हाळ्यात अक्षरशः शिजतात. प्लास्टिक वापरायचेच तर फिकट रंगाचे घ्यावे, किंवा ती कुंडी जरा मोठ्या कुंडीत ठेवावी. माती, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट किंवा जाड वाळू सम प्रमाणात, त्यात मूठभर निंबोळी पेंड, एवढे मिश्रण बस्स. निव्वळ काळी माती घेऊ नये. ती ओली असताना चिकटते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळे तुटतात. शिवाय गुलाबाला किंचित आम्ल माती लागते, तर काळी माती आणि बोअरचे जड पाणी दोन्ही अल्कधर्मी. अशा कुंडीत कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची कमतरता आहे. पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी ओतले की दुखणे वाढते. अशा वेळी चिलेटेड लोह (अल्कधर्मी मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह) द्यावे आणि शक्य तेव्हा पावसाचे साठवलेले पाणी घालावे.

मुळांचा पसारा लहान असल्याने खत थोडे आणि वारंवार द्यायचे असते. विद्राव्य 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात असलेले) खत लिटरला एक-दोन ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही माती ओली असताना. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरू लागला तर क्षार साचले आहेत असे समजून तळातून वाहून जाईल इतके साधे पाणी द्यावे.

महाराष्ट्रात मुख्य छाटणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्ये होते आणि साधारण दीड ते दोन महिन्यांत बहर येतो. पुण्यात एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरते, ते याच बहराच्या दिवसांत. मोठ्या गुलाबाप्रमाणे डोळा पाहून तिरका काप घेण्याचे सोपस्कार इथे लागत नाहीत. झुडपाचा वरचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग कात्रीने सरसकट उतरवला आणि आतल्या वाळक्या काड्या काढल्या तरी चालते. पिवळ्या वाणांना त्याहून खोल छाटू नये. नाहीतर छाटलेल्या टोकापासून काडी काळी पडत खाली मरत येते. जाड कापांवर बोर्डोपेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी.

किडींपैकी खरी डोकेदुखी लाल कोळ्याची. मार्च ते मे या काळात तापलेल्या भिंतीजवळच्या कुंड्यांत तो पानांच्या मागे वाढतो. पाने निस्तेज, बारीक ठिपक्यांची होतात आणि जाळी दिसू लागेपर्यंत उशीर झालेला असतो. पानांची मागची बाजू सकाळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुणे हा साधा आणि परिणामकारक उपाय. कोरड्या हवेत पाने लगेच वाळत असल्याने ठिपक्यांची भीती नसते. फुलकिडे फिक्या रंगाच्या फुलांकडे जास्त ओढले जातात, आणि पिवळ्या पाकळीची तपकिरी झालेली कडा हे त्यांचेच काम असते. थंडीत भुरी व मावा येतात, पण वेळीच पाहिले तर निंबोळी अर्काने आटोक्यात राहतात.

भेट देण्यासाठी मिळणाऱ्या इवल्या कुंडीतल्या पिवळ्या गुलाबांचा प्रकार वेगळा. डेन्मार्कच्या पौल्सेन आणि जर्मनीच्या कोर्डेस या घराण्यांनी असे कुंडीगुलाब मोठ्या प्रमाणावर रुजवले. एका कुंडीत तीन-चार छाटकलमे (मुळे फुटवलेल्या काड्या) दाटीने लावून हरितगृहात ती फुलवलेली असतात. बाहेर आली की एकमेकांचे पाणी-अन्न ओढत ती खंगतात. फुले संपल्यावर रोपे हलक्या हाताने सुटी करून वेगवेगळ्या कुंड्यांत लावली, तर बरीचशी जगतात.

बटन गुलाब बहुतेक वेळा छाटकलमावर, स्वतःच्याच मुळांवर वाढवतात. ऑक्टोबरच्या छाटणीतल्या पेन्सिलीहून बारीक, तीन-चार डोळ्यांच्या काड्या वाळू-कोकोपीटात खोचल्या की महिनाभरात मुळे धरतात. डोळा भरलेले, म्हणजे जंगली गुलाबाच्या खुंटावर या वाणाचा डोळा बांधून केलेले रोपही बाजारात मिळते, आणि त्याच्या बुडातून त्या खुंटाची फूट येऊ शकते. 'सात पानांची फूट दिसली की तोडा' हा बागप्रेमींत प्रचलित नियम मात्र इथे फसवा आहे, कारण काही बटन गुलाबांच्या स्वतःच्या पानांनाही सात पर्णिका असतात. फूट डोळा भरलेल्या गाठीच्या खालून आली आहे का, हे माती जरा उकरून पाहिल्याशिवाय कात्री चालवू नये.