ऑस्ट्रेलियातली बंदी आणि आपल्याकडची पालकांची परवानगी, हे दोन वेगळे कायदे आहेत

सध्या दोन कायदे एकमेकांत असे मिसळलेत की आपल्याकडे कोण कशावर खूश आहे आणि कोण कशावर चिडलंय तेच कळेनासं झालंय. "१६ वर्षांखालच्या मुलांचं इन्स्टा बंद" असा मेसेज वाडीच्या ग्रुपवर फिरतो, खाली लगेच दोन मतं पडतात. कोणाची तरी आजी म्हणते, "बरां झालां, आता पोरां अभ्यासाक तरी बसतली." आणि नववीतली पोरगी आपले फोटो जाणार म्हणून घाबरून एकेक फोटो सेव्ह करत बसते. दोघींचंही वाटणं खरं आहे पण त्या ज्याबद्दल बोलतायत ते ऑस्ट्रेलियात झालंय. भारताचा कायदा वेगळा आहे, आणि मला सांगायचंय ते हे की तो आपल्यावर, म्हणजे घरातल्या मोठ्यांवर, जास्त भार टाकणारा आहे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

आधी ऑस्ट्रेलियाचं बघू. तिथल्या संसदेनं नोव्हेंबर २०२४ मध्ये कायदा मंजूर केला आणि १० डिसेंबर २०२५ पासून तो लागू झाला. १६ वर्षं पूर्ण झाली नसतील तर अकाउंट ठेवता येणार नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, टिकटॉक, स्नॅपचॅट, एक्स, यूट्यूब, रेडिट, किक आणि ट्विच एवढे प्लॅटफॉर्म पहिल्या दिवशी यादीत होते. यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आपल्याकडच्या मेसेजमध्ये कधीच नसते, ती म्हणजे तिथे आईवडिलांनी हो म्हटलं तरी चालत नाही. बापानं लिहून दिलं की माझी पोरगी हुशार आहे, मी लक्ष ठेवतो, तरी नाही म्हणजे नाही. दुसरं म्हणजे शिक्षा मुलाला नाही, आईवडिलांनाही नाही. सगळी जबाबदारी कंपनीची, मुलांना बाहेर ठेवण्यासाठी योग्य ते उपाय केले नाहीत तर ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. पोलीस येऊन पोरांचे मोबाईल काढून घेतील असं कोणी सांगत असेल तर तसं तिथंही नाही.

आणि व्हॉट्सॲप त्या यादीत नाही. यूट्यूब किड्स नाही, गूगल क्लासरूम नाही. यूट्यूबला आधी सूट मिळणार होती, मग जुलै २०२५ मध्ये सरकारनं तेही यादीत घेतलं, पण लॉगिन न करता यूट्यूब बघायला तिथल्या मुलांना अजूनही चालतं, कारण कायदा अकाउंटवर आहे, बघण्यावर नाही. आपल्याकडचा एखादा पोरगा डबलबारी भजनं बघून बघून पखवाजाचे बोल शिकत असेल तर तो ऑस्ट्रेलियात असता तरी शिकू शकला असता, फक्त त्याला स्वतःचं चॅनेल काढून त्यावर वाजवलेलं टाकता आलं नसतं.

आता आपला कायदा. त्याचं नाव डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा. नावात सोशल मीडिया नाहीच, आणि तो फक्त सोशल मीडियासाठी नाहीच, गेम असो, खरेदीचं ॲप असो, जो कोणी आपली माहिती डिजिटल घेतो त्या सगळ्यांना तो लागू आहे. त्यात लहान मूल म्हणजे १८ वर्षांखालचं. १६ नाही, १८. पण या वयाच्या मुलाला बंदी नाहीये, त्याची माहिती घ्यायच्या आधी कंपनीनं आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची संमती घ्यायची आहे, आणि संमती देणारा खरंच मोठा माणूस आहे याची खातरजमा करायची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, त्यात या खातरजमेसाठी डिजिलॉकरसारख्या, म्हणजे सरकारी कागदपत्रं मोबाईलवर ठेवायच्या सोयीचा मार्गही दिलाय, आणि मुलांबद्दलची ही कलमं मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत. मुलांच्या बाबतीतली कर्तव्यं कंपनीनं पाळली नाहीत तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड.

म्हणजे सरळ बोलायचं तर तिकडे सरकारनं आईवडिलांच्या हातून निर्णय काढून घेतला आणि इकडे सरकारनं निर्णय आईवडिलांच्या हातात आणून ठेवला. वय वेगळं, दंड वेगळा, यादी वेगळी हे सगळं आहेच, पण मुख्य फरक हा आहे.

गोंधळ का झाला तेही समजण्यासारखं आहे. नियम आले नोव्हेंबरमध्ये आणि ऑस्ट्रेलियाची बंदी लागू झाली डिसेंबरमध्ये, बातम्या एकाच्या मागे एक. त्यात डिसेंबरमध्येच मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं केंद्राला सुचवलं की ऑस्ट्रेलियासारख्या कायद्याचा विचार करा. सुचवलं, आदेश नव्हे. त्याआधी एप्रिल २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर १३ वर्षांखालच्या मुलांना बंदी घालावी अशी याचिका आली होती, तेव्हा कोर्ट म्हणालं हा धोरणाचा विषय आहे, सरकारकडे मागणी करा. मग जानेवारी २०२६ मध्ये गोव्याचे आयटी मंत्री रोहन खंवटे यांनी सांगितलं की ऑस्ट्रेलियाच्या कायद्याचा अभ्यास चाललाय, जमलं तर १६ खालच्यांना तशी बंदी आणू. आता सिंधुदुर्गातली किती माणसं रोज कामाला गोव्यात जातात, दवाखान्याला तिकडच्याच बांबोळीला जातात, तिकडची बातमी इकडे यायला वेळ लागत नाही, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या बांद्याच्या अलीकडे येईपर्यंत "अभ्यास चाललाय" चं "बंद झालं" होऊन जातं.

लोकांची प्रतिक्रिया हा मला जास्त विचार करायला लावणारा भाग वाटतो. ऑस्ट्रेलियात कायदा मंजूर व्हायच्या आधी युगव्ह या जनमत घेणाऱ्या कंपनीची पाहणी झाली त्यात ७७ टक्के लोक बंदीच्या बाजूनं होते. मुलं गमावलेल्या आईवडिलांनी पुढे येऊन सांगितलं की छळामुळे, ब्लॅकमेलमुळे आमचं पोर गेलं, आणि त्यांच्यासमोर कुठला आकडा घेऊन वाद घालणार, मीसुद्धा नाही घालणार. पण दुसऱ्या बाजूलाही साधीसुधी माणसं नव्हती. १४० च्या वर तज्ज्ञांनी सरकारला पत्र लिहिलं की सरसकट बंदी हे फार ढोबळ हत्यार आहे. विधेयकावर सूचना पाठवायला लोकांना फक्त एक दिवस दिला होता आणि त्या एका दिवसात सुमारे १५ हजार सूचना आल्या. १५ वर्षांची दोन मुलं तिथल्या हायकोर्टात गेली, आणि ऑस्ट्रेलियात हायकोर्ट म्हणजे सगळ्यात वरचं कोर्ट. दूर खेड्यात राहणाऱ्या मुलांचं, अपंग मुलांचं म्हणणं होतं की आमच्यासारखे दुसरे कोण आहेत ते आम्हाला फक्त इथेच भेटतात. पहिल्या महिन्यातच सुमारे ४७ लाख अकाउंट बंद केल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. यातली किती मुलं खरंच बाहेर पडली आणि किती मोठ्या भावाच्या नावावर परत आत आली हे त्या आकड्यात दिसत नाही, म्हणून बंदी यशस्वी झाली असं नुसत्या त्यावरून मी म्हणणार नाही.

आपल्याकडे मात्र एवढी चर्चाच नाही. बंदीच्या खोट्या मेसेजवर शंभर जण बोलतात आणि जो कायदा खरा आहे त्यावर एकही पालकसभा मी बघितली नाही. आणि कोकणातल्या घरात हा खरा कायदा कुठे अडकणार आहे ते बघा. बाप मुंबईला, विरारला नाहीतर ठाण्याला, कित्येक घरांत आईसुद्धा तिकडेच, पोर गावाला आजीआजोबांकडे. कायदा म्हणतो आईवडील किंवा कायदेशीर पालक. आजी रोज त्याला भाकरी करून घालते, शाळेत पाठवते, तापाला रात्रभर बसते, पण आजी कागदावर पालक नाही. ज्याची संमती चालते तो ४०० किलोमीटर लांब लोकलमध्ये उभा असताना त्याला नोटिफिकेशन येणार, तो बघणार आणि हो करून टाकणार, कारण पोर रडवेल्या आवाजात फोनवर सांगतंय की वर्गातल्या सगळ्यांकडे आहे. आणि जे पोर बघतंय ते प्रत्यक्षात कोणाला दिसतं तर आजीला, जिचं म्हणणं असतं, "माका काय कळता त्यातला, नातू सांगता तसा मी बटाण दाबतंय."

त्याहून मोठी अडचण म्हणजे आपल्याकडे मोबाईल एकाचा नसतो. सिम काकाच्या नावावर, अकाउंट आईच्या नावावर, आणि हातात चौथीतला मुलगा. कोरोनात शाळा मोबाईलवर आली तेव्हा रेंजसाठी पोरं सड्यावर जाऊन बसायची, तेव्हापासून घरातला तो एक फोन सगळ्यांचा झाला तो झालाच. कंपनीला दिसतं ३८ वर्षांची बाई रील बघतेय. इथे ऑस्ट्रेलियाची बंदीही चालत नाही आणि भारताची संमतीही विचारली जात नाही, कारण दोन्ही कायदे अकाउंट कोणाचं ते बघतात, आणि अकाउंट मोठ्या माणसाचं आहे. मला वाटतं बंदी हवी की नको यावर भांडण्याआधी हे मान्य करायला हवं की आपल्या घरातली बरीचशी मुलं या दोन्ही कायद्यांना दिसतच नाहीत.

भारताच्या कायद्यातल्या एका गोष्टीबद्दल मात्र कोणी बोलत नाही आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. संमती मिळाली तरी कंपनीला १८ खालच्या मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवता येणार नाही आणि त्याला हेरून जाहिराती दाखवता येणार नाहीत. शाळा, दवाखाने अशांना कामापुरती आणि सुरक्षेपुरती सूट आहे, बाकीच्यांना मनाई. मूल तीन मिनिटं कशावर थांबलं, रात्री कधी जागं होतं, कशानं अस्वस्थ होऊन पुन्हा पुन्हा वर सरकवतं, हे मोजूनच तर पुढची रील येते. होडीच्या तळाला भोक पडलेलं असताना आपण फक्त पोरानं होडीत बसावं की नाही यावर वाद घालतोय, ते भोक बुजवायचं काम या कलमात आहे. कंपन्या यातून पळवाट काढतील का, सरकार किती कडक राहील, यावर सगळं अवलंबून आहे आणि बातम्या वाचणाऱ्यांनी खरं तर याच्यावर नजर ठेवायला हवी. पण आईच्या नावावरच्या अकाउंटवरून बघणाऱ्या मुलाला हे संरक्षणसुद्धा मिळत नाही, कारण कंपनीच्या लेखी ते मूल नाहीच. मुलाचं खरं वय न लिहिण्याचं नुकसान हे आहे, आणि ते आपण आपल्या हातानं करतो.

माझं मत विचाराल तर मला सरसकट बंदी नकोय, पण बंदी मागणाऱ्या आईला मी चूकही म्हणणार नाही. तिला एकटीला नाही म्हणायची ताकद उरलेली नाही, कारण समोर वर्गातली सगळी मुलं आहेत, म्हणून तिला वाटतं की सरकारनंच एकदा सगळ्यांना नाही म्हणावं. हे म्हणणं खरं आहे आणि संमतीच्या कायद्याकडे त्याचं उत्तर नाही. पण बंदीची मला भीती वाटते ती वेगळ्या कारणानं. चोरून अकाउंट काढलेल्या मुलीला कोणी फोटोवरून धमकावलं तर ती सांगणार कोणाला? आधीच बोलायची चोरी, त्यात अकाउंटच बेकायदा. युनिसेफनंही ऑस्ट्रेलियाच्या वेळी हेच सांगितलं की नुसत्या वयाच्या अटीनं मुलं सुरक्षित होत नाहीत. जाता जाता, लहान मुलांसाठी १०९८ हा हेल्पलाइन नंबर आहे, फुकट आहे, तो पोरांना पाठ हवा, कायदा कुठलाही येवो.

आणि तिसरा एक प्रकार आहे तो या दोघांत कालवू नका. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी ७ ला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही-मोबाईल बंद. तो कायदा नाही, दंड नाही, गावानं एकत्र बसून घेतलेला निर्णय आहे, आणि त्यात मोठी माणसंसुद्धा मोबाईल ठेवतात. एकट्या आईला जे जमत नाही ते तिथे अख्ख्या गावानं मिळून केलं. आपल्याकडे दिवेलागणीला अजून कित्येक घरांत शुभंकरोती होते, तेवढा वेळ धरून एखाद्या वाडीनं हे करून बघायला काय हरकत आहे.

संमतीच्या कायद्यासाठी मात्र घरातच काही ठरवावं लागेल आणि गणपतीत चाकरमानी आलेले असतात तेव्हा ते ठरवणं सोपं आहे, कारण तेव्हा सगळे एका छपराखाली असतात. मुलाचं अकाउंट असेल तर ते त्याच्या खऱ्या वयानं काढायचं. संमती आई देणार की वडील, आणि ज्याचं डिजिलॉकर आहे त्याच्याच हातात पासवर्ड आहे ना की तो पोरालाच पाठ आहे, हे बघायचं. दिलेली संमती मागे घेता येते आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असलं पाहिजे असं कायद्यातच लिहिलंय, हे दोघांनाही माहीत हवं. आणि हो म्हणायच्या आधी गावाला एक फोन करून आजीला विचारायचं की पोर रात्री किती वाजता झोपतं, कारण मुंबईत बसून ते कळत नाही.