विनोदाखालचे नाव

स्त्री विनोदी कलाकार मंचावर येते, तेव्हा प्रेक्षकांचा प्रतिसाद तिचा विनोद ऐकल्यावर ठरतो, की काही अंशी आधीच ठरलेला असतो? याचा शोध घेण्यासाठी मानसशास्त्रज्ञ लॉरा मिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत 16 पुरुष आणि 16 स्त्रियांना ‘द न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातील 20 व्यंगचित्रे देऊन त्यांखाली विनोदी ओळी लिहावयास सांगितले. ओळ कोणाची हे उघड न करता इतरांकडून गुण घेतले असता पुरुषांच्या ओळी सरस ठरल्या खऱ्या, पण पाच गुणांच्या मोजपट्टीवर अवघ्या 0.11 गुणाने, आणि ही आघाडीही स्त्री परीक्षकांपेक्षा पुरुष परीक्षकांच्या गुणांत अधिक दिसली.

2012 मध्ये छापून आलेल्या या संशोधनाचा पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. या वेळी ओळींसोबत लिहिणारा पुरुष की स्त्री हेही दाखवले आणि नंतर ते आठवावयास सांगितले. स्मरणात चुका झाल्या, पण त्या दोन्ही बाजूंना सारख्या झाल्या नाहीत: चांगल्या ओळी पुरुषांच्या नावावर जमा होण्याकडे आणि फसलेल्या ओळी स्त्रियांच्या नावावर जाण्याकडे कल होता. म्हणजे एखाद्या स्त्रीने हसवले, तरी तिचे श्रेय ऐकणाऱ्याच्या आठवणीतच गळून पडू शकते, आणि पुरुषच अधिक विनोदी असतात हा मूळ समज मात्र शाबूत राहतो.

विनोद करण्याच्या क्षमतेत स्त्री-पुरुषांत सरासरी फरक मुळीच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मानसशास्त्रज्ञ गिल ग्रीनग्रॉस व सहकाऱ्यांनी 28 अभ्यासांतील पाच हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा सुमारे 63 टक्के पुरुष स्त्रियांच्या सरासरीच्या वर आढळले. काहीच फरक नसता तर हा आकडा 50 आला असता. या फरकामागे निसर्ग किती आणि मुलींना लहानपणापासून मिळणारे उत्तेजन किती, हे अशा आकड्यांवरून सांगता येत नाही. शिवाय सरासरीवरून मंचावरच्या एका कलाकाराविषयी निष्कर्ष काढणे चुकीचेच आहे.

पाहणाऱ्यांच्या दृष्टिकोनाचा परिणाम ॲरिझोना विद्यापीठातील जोनाथन इव्हान्स व सहकाऱ्यांच्या 2019 च्या प्रयोगात ठळकपणे दिसला. दुकानाच्या व्यवस्थापकाचे तेच भाषण, तेच विनोद, एकदा पुरुषाच्या तोंडी आणि एकदा स्त्रीच्या. विनोद केल्याने पुरुषाची प्रतिष्ठा आणि नेतृत्वाची योग्यता वाढलेली दिसली. स्त्रीची मात्र घटली.

रंगमंचावर या पूर्वग्रहाची किंमत अधिक मोजावी लागते, कारण तेथे हसू ही केवळ पावती नसून पुढच्या वाक्याची वेळ त्यावरच साधली जाते. हास्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी रोजच्या संभाषणांचे निरीक्षण केले, तेव्हा पुरुषांशी बोलणाऱ्या स्त्रिया आपल्या श्रोत्यांपेक्षा पुष्कळ अधिक हसत होत्या. स्टँड-अपमध्ये, म्हणजे मंचावर एकट्याने उभे राहून केलेल्या विनोदी सादरीकरणात, याच्या नेमके उलट घडावे लागते: बोलणारी स्त्री गंभीर राहते आणि हसण्याचे काम समोरच्या पुरुषांवर येते, ज्याची त्यांना रोजच्या व्यवहारात फारशी सवय नसते.