स्क्रीन रीडर ॲड-ऑनच्या कीबोर्ड कमांड आणि सुसंगतता : पार्श्वभूमी

स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्या व्यक्तीचे जवळजवळ सगळे काम कीबोर्डवर चालते, आणि कीबोर्डवरच्या सोयीच्या बहुतेक की-जोड्या ऑपरेटिंग सिस्टिमने, ॲप्लिकेशनने आणि खुद्द स्क्रीन रीडरने आधीच घेतलेल्या असतात. ॲड-ऑन, म्हणजे स्क्रीन रीडरला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, येते ते सगळ्यांत शेवटी, आणि उरलेल्या जागेत त्याला आपल्या कमांड बसवाव्या लागतात.

ही टंचाई फार जुनी आहे. ऐंशीच्या दशकात आयबीएममध्ये जिम थॅचर यांच्या पुढाकाराने डॉस या विंडोजपूर्वीच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी तयार झालेल्या स्क्रीन रीडरला कमांड देण्यासाठी वेगळा की-पॅड होता, म्हणजे मुख्य कीबोर्डला हात लावण्याचा प्रश्नच नव्हता. टेड हेंटर यांच्या कंपनीचे जॉज हे स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉससाठी आणि १९९५ मध्ये विंडोजसाठी आले. इन्सर्ट दाबून ठेवून दुसरी की दाबायची आणि वाचनासाठी नंबर पॅड वापरायचा, ही विंडोजवरची सवय मुख्यतः जॉजमुळे रुजली. मायकेल करन यांनी ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीए या मोफत, मुक्त स्रोत स्क्रीन रीडरनेही इन्सर्ट कायम ठेवली. मात्र लॅपटॉपवर नंबर पॅड बहुधा नसल्यामुळे कॅप्स लॉकचा पर्याय आणि वेगळी लॅपटॉप मांडणी द्यावी लागली. ती मांडणी २०१३.१ या आवृत्तीत नव्याने आखली गेली. त्यामुळे ॲड-ऑन लिहिणाऱ्याला आपली कमांड दोन्ही मांडण्यांत तपासावी लागते.

ॲड-ऑन बसवण्याची आणि सांभाळण्याची सोय एनव्हीडीएमध्ये २०१२.२ पासून आली. की दाबल्यावर एनव्हीडीए आधी वापरकर्त्याने स्वतः केलेली नेमणूक पाहते, पुढे ग्लोबल प्लगइन (सगळीकडे लागू होणारा ॲड-ऑनचा भाग), मग चालू ॲप्लिकेशनचे मॉड्यूल (त्या ॲप्लिकेशनपुरता भाग), आणि आपल्या मूळ कमांड अगदी शेवटी. या क्रमामुळे ॲड-ऑनला मोठी ताकद मिळते आणि तितकाच धोकाही निर्माण होतो. एखाद्या ॲड-ऑनने एनव्हीडीए+टी ही जोडी (म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक दाबून ठेवून टी) घेतली, तर खिडकीचे शीर्षक वाचणारी मूळ कमांड कोणतीही सूचना न देता नाहीशी होते, आणि ज्याच्या बोटांना ती वर्षानुवर्षे सवयीची आहे त्याला भलतेच काहीतरी ऐकू येते. उलट बाजूनेही हेच घडते. दुवा कुठे नेतो हे सांगणारी एनव्हीडीए+के ही कमांड बरीच उशिरा आली. एखाद्या ॲड-ऑनने ती जोडी त्याआधीच घेतली असेल, तर त्याच्या वापरकर्त्यांपर्यंत ही नवी सोय पोहोचतच नाही.

म्हणूनच अनेक अनुभवी विकासक क्वचित लागणाऱ्या कमांडना कोणतीच की देत नाहीत आणि ती निवड ‘इनपुट जेश्चर्स’ या की नेमण्याच्या संवाद-चौकटीतून वापरकर्त्यावर सोपवतात. काही जण एकच प्रवेश-जोडी ठेवून पुढे साध्या अक्षरांनी कमांड देतात. जॉजमध्ये इन्सर्ट+स्पेस आणि मग ओ दाबून चित्रातला मजकूर वाचून घेता येतो, तो याच धर्तीवर. माझ्या मते पहिला मार्ग अधिक प्रामाणिक आहे, पण त्याला एक अट आहे : प्रत्येक कमांडचे वर्णन लिहिलेले हवे, कारण वर्णनाशिवाय ती कमांड त्या चौकटीत दिसतच नाही.

सुसंगततेचा प्रश्न ऐरणीवर आला तो एनव्हीडीए ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेली आहे ती पायथन बदलल्यामुळे. पायथन २ चा आधार २०२० च्या आरंभी संपला, आणि त्या फेब्रुवारीत आलेली एनव्हीडीए २०१९.३ ही आवृत्ती पायथन ३ वर गेली. शिवाय तिच्यात उच्चारणाची आतली रचनाही बदलली होती. जुनी ॲड-ऑन सुधारल्याशिवाय चालणे कठीण होते. त्याची तयारी म्हणून २०१९.१ पासूनच ॲड-ऑनच्या मॅनिफेस्टमधील (त्याची माहिती देणाऱ्या फाइलमधील) दोन नोंदी तपासल्या जाऊ लागल्या होत्या : किमान कोणती आवृत्ती लागते आणि शेवटची चाचणी कोणत्या आवृत्तीवर झाली. पुढे वर्षाच्या पहिल्या आवृत्तीतच सुसंगतता मोडणारे बदल करायचे, अशी रीत पडली, त्यामुळे विकासकांना आपले वेळापत्रक आखता येऊ लागले. २०२३.२ मध्ये ॲड-ऑन स्टोअर आले आणि विसंगत ठरलेले ॲड-ऑन स्वतःच्या जबाबदारीवर चालू ठेवण्याची मुभाही मिळाली.

मॅनिफेस्टची ही तपासणी कीबोर्डपर्यंत मात्र पोहोचत नाही. वापरकर्त्याने नेमलेली की त्याच्या जेश्चर्स फाइलमध्ये मॉड्यूल, क्लास आणि स्क्रिप्ट या कोडच्या भागांच्या नावांनिशी साठवली जाते. विकासकाने कोड नीटनेटका करताना त्या स्क्रिप्टचे नाव बदलले, तर ॲड-ऑन सुसंगत ठरते, व्यवस्थित सुरू होते, आणि तरीही वापरकर्त्याची की काही करेनाशी होते. म्हणून ही नावे पहिल्याच आवृत्तीत विचारपूर्वक ठरवावीत, आणि बदलणे अटळच असेल तर नव्या आवृत्तीच्या माहितीत तसे स्पष्ट लिहावे.